मधुमतीबाईंच्या अर्ध्या प्रदक्षिणा

डोहाळजेवणात सगळं हिरवं हवं, हा हट्ट भार्गवीच्या आईचा, शैलाताईंचा. म्हणून मधुमतीबाई आदल्या दिवशी सिंगापुरातल्या बेडोकच्या घरून लिटिल इंडियात गेल्या आणि हिरव्या बांगड्या, खण, नारळ, मोगऱ्याचे गजरे असं सगळं ओझं बसमधून घेऊन आल्या. पुण्याहून खास आलेल्या शैलाताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "छान केलंत विहीणबाई. ओटी मात्र आम्ही भरू हं. तुम्ही आपलं जेवणाचं बघा."

'विधवा' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. गरजच नव्हती.

नवरा वारल्यावर बाई पार्ल्याचं घर बंद करून मुलाकडे, वरदकडे आल्या. वरद आयटीत मॅनेजर, सून भार्गवी बँकेत. स्वयंपाक, बाजार, धुणं बाईंकडे. देव वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, कारण हॉलमध्ये उदबत्ती लावली की भार्गवीचं डोकं दुखायचं. बाई म्हणायच्या, देवाला काय, त्याला तिथे वारा तरी लागतो.

भार्गवीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा गर्भ पडला. हे कुणाला, अगदी शैलाताईंनासुद्धा कळू द्यायचं नाही, असं तिने बाईंकडून वचन घेतलं होतं. चादरी बाईंनीच धुतल्या. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा शेजारच्या क्लाराने, ती मंगळूरची, त्यांना एक छोटी तसबीर दिली. जर्मनीतल्या कुठल्याशा डोंगरगावातलं आठशे वर्षांपूर्वीचं चर्च, आणि आत मेणबत्त्यांच्या काजळीने काळी पडलेली लाकडी मेरी. मूल टिकावं म्हणून बायका तिच्याकडे लांबलांबून येतात म्हणे. बाईंना परकं काही वाटलं नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीला त्यांनी वरदच्या वेळी मेणाची बाहुली वाहिली होती. त्या तसबिरीपुढे हात जोडून म्हणाल्या, "चौथा महिना सरू दे गं माउली. तुझ्या दारी येऊन अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालीन."

चौथा महिना सरला. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला आणि वरदने युरोपची तिकिटं काढली. बाईंनाही घेतलं, कारण भार्गवीला बाहेरचं खाणं सोसत नव्हतं. बाईंनी त्या सगळ्या सहलीत एकच गोष्ट मागितली.

चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी बूट काढून कडेला नीट जोडीने ठेवले. आणखी कुणाचीच पादत्राणं तिथे नव्हती, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. आत अंधार, दगडी भिंतींवर मेणाचे हातपाय, चांदीची बाळं, टांगलेल्या कुबड्या. बाईंचे डोळे भरून आले. प्रार्थना चालू होती. त्यांनी वेदीला उजवी घालून चालायला सुरुवात केली, डोक्यावर पदर, ओंजळीत नारळ. पाच झाल्या. सहावीला गणवेशातल्या माणसाने दंड धरला आणि लोकांच्या रांगांमधून त्यांना दाराबाहेर नेऊन सोडलं. पायऱ्यांवर बूटही नव्हते. कुणीतरी टाकाऊ समजून कचऱ्यात टाकले होते. थंडगार फरशीवर बसून त्यांनी वरदची वाट पाहिली. त्याला बिचाऱ्याला गर्दीत दिसलं नसेल, असं त्या मनाशी म्हणाल्या.

परत आल्यावर क्लारापाशी रडल्या. क्लाराने त्यांचे हात धरले. "आंटी, वो माँ है, गिनती नहीं करती. तुम चौखट पे खड़ी हुई, तभी मन्नत पूरी हो गई." बाईंनी ते वाक्य तसबिरीमागे खोचल्यासारखं जपून ठेवलं. मन हलकं झालं.

डोहाळजेवण काँडोच्या, म्हणजे त्यांच्याच सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये झालं. भार्गवी फुलांच्या मुकुटात झोपाळ्यावर. शैलाताईंनी ओटी भरली, मग मैत्रिणींनी. बाई भाताचं पातेलं घेऊन दाराशी उभ्या. मग वरदने टीव्हीवर सहलीचे व्हिडिओ लावले.

"आता बघा, आईचा परफॉर्मन्स."

पडद्यावर अनवाणी म्हातारी नारळ घेऊन गोल गोल फिरत होती. खोली हसायला लागली.

"आजी सो फनी, लाह," गार्गी नावाची कुणाची तरी मुलगी सिंगापुरी हेलात म्हणाली.

"अगं बाई, सत्यनारायणच घातला की त्यांनी चर्चमध्ये," शैलाताईंनी डोळे पुसले.

गणवेशातला माणूस कॅमेऱ्याजवळ आला आणि त्याने विचारलं, ही बाई तुमच्याबरोबर आहे का. वरदचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "नो, नो. नॉट विथ अस."

"म्हटलं, नाहीतर आपल्यालाही काढतील," वरद हसत पाहुण्यांना म्हणाला.

बाईंनी पातेलं टेबलावर ठेवलं. हात पदराला पुसले आणि झोपाळ्यापाशी गेल्या. आवाज अगदी गोड होता.

"हसा हो, हसण्यासारखंच आहे. पण वरदने अर्धंच सांगितलं. हिला दोनदा दिवस राहिले आणि टिकले नाहीत ना, म्हणून हे बाळ टिकावं असा नवस होता तो. अकरा बोलले होते. पाच झाल्या."

शैलाताईंनी लेकीकडे पाहिलं. "दोनदा? मला नाही सांगितलंस?"

भार्गवीचा हात पोटावर गेला. मुकुटाखालचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीतरी टीव्ही बंद केला.

"आई, काय बोलतेस तू," वरद दबक्या आवाजात म्हणाला.

"मी कुठे तुमच्यातली, बाबा. वाढते सगळ्यांना."

पंगत उठली. बाई भांडी आवरत होत्या तिथे भार्गवी आली. गजरा अर्धा सुटला होता. "आई, बाळाला काही होणार नाही ना? आपण परत जाऊ या. मी स्वतः येते. नाहीतर इथूनच काही करता येत असेल तर सांगा. क्लारा आंटी काही म्हणाल्या का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतकी घाबरलेली त्यांनी तिला चादरींच्या त्या दिवसांतही पाहिली नव्हती. क्लाराचं वाक्य ओठांशी आलं होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "काहीच नाही म्हणाली."

ताटात एक विडा उरला होता. तो त्यांनी तोंडात टाकला आणि सावकाश चघळत राहिल्या.