गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या वहिनी

गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदार "या" म्हणतो. वहिनी आधी त्याचा चेहरा बघायच्या आणि कधी कधी सरळ सांगायच्या, "आज नका खेळू, दादा. कालचं भरून काढायला आलाय तुम्ही."

मी अकरावीत होते तेव्हा नाशिक रोड स्टेशनजवळ त्यांचं ऑनलाइन लॉटरीचं दुकान होतं. कॉम्प्युटरवर आकडा लावायचा, छापील तिकीट घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी भिंतीवरच्या पडद्यावर सोडत बघायची. वहिनी एका माणसाला दिवसाला दोनच तिकिटं द्यायच्या, तिसरं नाही. हरलेला माणूस लगेच पुन्हा बाकावर बसला तर त्या उठून पडद्याचा आवाज बंद करायच्या.

"वहिनी, दुकान चालवता का शाळा?" कोणीतरी विचारायचं.

"शाळा सुटल्यावर पोरं घरी तरी जातात."

मग विकता कशाला, असं विचारलं की म्हणायच्या, "मी नाय विकलं तर समोरचा विकेल. इथं निदान कोणी हटकतं तरी."

माझे बाबा रोज संध्याकाळी काम सुटलं की तिथे जायचे. दोन तिकिटं वहिनींकडे, बाकीची समोरच्या दुकानात. आई काही बोलत नसे, ताट वाढून आत जायची. बाबांना तिकीट देऊ नका, एवढंच मला वहिनींना सांगायचं होतं. पण मी आधीच अबोल, त्यात इंग्लिश मीडियमची. मराठीत असं काही अनोळखी बाईला कसं सांगतात ते मला येत नव्हतं. दुकानात झेरॉक्सचं मशीन होतं. लागोपाठ तीन दुपारी मी केमिस्ट्रीच्या वहीतल्या एकाच पानाची झेरॉक्स काढून घरी आले.

तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "हे पान लय आवडलेलं दिसतंय तुला. कोणाची मुलगी तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. पुढचं सांगावं लागलं नाही.

"इंग्रजी वाचतेस ना? मग शेजारच्या सायबर कॅफेत नेटवर जाऊन बघ, या नादातून सुटायला लोक काय करतात."

मला परदेशातल्या कुठल्याशा गटाची प्रश्नावली सापडली. आपल्याला जुगाराचं व्यसन आहे का, हे ज्याचं त्यानं ओळखण्यासाठी होती ती. मी तिचं मराठी केलं आणि पहिला प्रश्न वाचून दाखवला, "जुगारामुळे आपल्या कौटुंबिक जीवनावर विपरीत परिणाम झाला आहे का?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "असं कोर्टात विचारतात गं. माणूस नाय म्हणेल आणि तिकीट मागेल." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "घरी काय सांगून आलात? एवढं विचारलं तरी पुरे."

गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे दर रविवारी सकाळी जुगार सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरायची. आपल्याच एका जुन्या गिऱ्हाइकाकडून वहिनींनी तो पत्ता मिळवला आणि माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. "तुझे बाबा येतील आता. थांबायचं तर थांब, नायतर घरी जा." मी मशीनमागच्या स्टुलावर बसून राहिले.

बाबा आले. वहिनींनी विचारलं, "घरी काय सांगून आलात, दादा?"

"सांगायचंय काय? ओव्हरटाइम आहे म्हटलं."

"रोज?"

बाबा हसले. तेवढ्यात त्यांना मी दिसले आणि ते हसायचे थांबले.

"तू इथे काय करतेस?"

वहिनीच म्हणाल्या, "माझ्या कामाला आलीय. तुमच्यासाठी पत्ता लिहिलाय तिनं." बाबांनी कागद घेतला, अक्षर माझं आहे हे बघितलं आणि तिकीट न घेता निघाले. घरापर्यंत त्यांनी सायकल हातात धरली होती आणि ते माझ्याबरोबर चालत होते.

बैठकीला ते तिसऱ्या रविवारी गेले. त्यानंतरही दोनदा वहिनींच्या दारात उभे राहिले. वहिनींनी दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. पुढे ते नेमानं जायला लागले. येताना गरम जिलबी आणायचे आणि आई ती वाटून देताना मोठ्यानं बोलायची. घरात इतका आवाज मला नवा होता.

वर्षभरानं वहिनी दुकान बंद करून कळवणला भावाकडे राहायला गेल्या. सामान टेम्पोत चढवायला बाबा गेले होते, मीही गेले. निघताना वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"अजून खिसे तपासतेस का त्यांचे?"

मी रोज तपासायचे. हे कोणाला माहीत नाही असं मला वाटत होतं.

"मी आमच्या ह्यांचे सात वर्षं तपासले," त्या म्हणाल्या. "तिकीट सापडलं की रडायचं, नाय सापडलं की अजून शोधायचं. ते गेले तरी माझा हात खुंटीवरच्या शर्टाकडे जायचा. तू आताच सोड."

दुसऱ्या दिवशी मी बाबांचा शर्ट तसाच बादलीत टाकला. पिळताना खिशातून कागदाचा लगदा निघाला. बसचं तिकीट असेल, नाहीतर आणखी काही. मी तो झटकला आणि शर्ट दोरीवर वाळत घातला.