मोहफुलं वर्गात चालली नाहीत

सालेकशाचा सुकलू आज दुपारच्या गाडीने कॉलेज सोडून गेला. वसतिगृहाच्या रखवालदारांनीच ही बातमी खरी असल्याचं सांगितलं.

भित्तिपत्रकाच्या वाचकांनो, सकाळी वनस्पतिशास्त्राच्या तासाला प्रत्येकाने एक फूल आणायचं होतं. सुकलूने पहाटे वेचलेली मोहफुलं आणली.

"दारूचं फूल इथं नको," सर म्हणाले.

मागून कुणीतरी विचारलं, "बोतल भी लाया क्या?" वर्ग हसला. मग, स्वराज्य आलं तरी, आम्ही सरांनी सांगितलेलं पुस्तकातलं विलायती बटरकपचं फूलच वहीत काढत बसलो.

जाताना सुकलू रखवालदारांना म्हणाला, "काका, घरचं धान सरलं की माय मोहफुलंच शिजवते. त्यालेच हे हसून राहिले. मी इथं कायले राहू?"

उद्या हजेरीत त्याचं नाव पुकारलं जाईल. तेव्हा आपण काय उत्तर देणार?