सुनीतीबाईंचे गुरुवार

सुनीती देवस्थळी कलकत्त्याला आल्या त्या १९५१ च्या डिसेंबरात. यजमान चारुदत्त तारखात्यात अधिकारी, जबलपूरहून बदली झालेली. सोबत सात वर्षांची मुलगी, सुहासिनी. गाडीत मुलीला झोप लागल्यावर चारुदत्तांनी बायकोला हळूच सांगितलं होतं की नव्या गावात कुणाला काही कळायचं कारण नाही. उद्या सुहासच्या लग्नाच्या वेळी लोक खोदून खोदून विचारतात.

काही म्हणजे एवढंच. तीन वर्षांपूर्वी सुनीतीबाईंचं दुसरं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर त्यांची झोप उडाली, अन्न सुटलं, रिकाम्या पाळण्यातून रडणं ऐकू येऊ लागलं. पाच महिने त्या मनोरुग्णांच्या इस्पितळात होत्या. तिथून बऱ्या होऊन आल्या, पण भीती घेऊन आल्या. एखाद्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की सकाळी एकच विचार यायचा. पुन्हा सुरू झालं की काय?

सुहासिनीच्या शाळेत एकदा पालकांसमोर डॉक्टर लावण्यप्रभा सेन बोलायला आल्या. बागबाजारच्या एका जुन्या घरात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, त्या दर गुरुवारी दुपारी इस्पितळातून घरी परतलेल्या बायकांना जमवत. त्यांना मदतीला बायका हव्या होत्या. त्या म्हणाल्या, औषध आम्ही देतो, पण घरी आलेल्या बाईशी कुणी बोलत नाही, आणि तिथेच ती पुन्हा आजारी पडते. हे किती खरं आहे ते त्या सभेत सुनीतीबाईंइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तीन आठवडे त्यांनी मनाशी ‘नको’ म्हटलं. चौथ्या गुरुवारी एस्प्लनेडला ट्राम बदलून त्या बागबाजारला उतरल्या. घरी सांगितलं, शिवणकाम शिकवायला जाते.

पहिल्या दिवशी जिन्यातच फिनेलचा वास आला, इस्पितळात असायचा तसाच. कठडा धरून त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या. आत आठ बायका चटईवर बसल्या होत्या. त्यातली शेफाली पूर्व बंगालमधून दंगलीत सगळं गमावून आलेली, विशीतली. ती भिंतीकडे तोंड करून बसायची, बोलायची नाही. सुनीतीबाई तिच्या शेजारी बसून टाके घालत राहिल्या. पुढच्या गुरुवारीही त्या गेल्या, आणि जात राहिल्या.

पुढच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. डॉक्टर अजून आल्या नव्हत्या. मराठी मंडळातर्फे जुन्या साड्या द्यायला शारदाबाई आगाशे आल्या होत्या. आगाशे दोन पिढ्यांचे कलकत्तेकर, मंडळात त्यांच्या शब्दाला मान. त्या साड्या मोजून देत असताना खाली गल्लीत कुणीतरी पत्र्यांची चळत धाडकन टाकली. शेफाली किंचाळली. ती भिंतीवर डोकं आपटू लागली. बाकीच्या बायकाही घाबरून ओरडू लागल्या. जिन्यात पावलं वाजली, शेजाऱ्यांचा गलका झाला, आणि कुणीतरी बाहेरून दाराला कडी घातली.

तो आवाज ऐकला आणि सुनीतीबाईंना कलकत्ता दिसेनासा झाला; त्या पुन्हा इस्पितळात होत्या. त्या दारावर धावल्या. दोन्ही हातांनी दार बडवत मराठीतच म्हणू लागल्या, “उघडा, मी बरी आहे, मी बरी आहे.” किती वेळ, त्यांना आठवत नव्हतं. मग लक्षात आलं की मागचा आवाज थांबलाय. शेफालीसकट सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्या नजरांतली भीती सुनीतीबाईंनी ओळखली. ती त्यांच्याकडूनच तिकडे गेली होती.

त्या वळल्या. शेफालीपाशी जाऊन बसल्या आणि मोडक्या बंगालीत बोलल्या, “मलाही असंच कोंडलं होतं. पाच महिने. मला वेड लागलं होतं. दार उघडतं, शेफाली. मी बाहेर आले ना?”

शेफालीने त्यांचं मनगट धरलं. नखं रुतली, पण त्यांनी हात सोडवला नाही. तासाभराने डॉक्टर कडी काढून आत आल्या तेव्हा सगळ्या तशाच बसून होत्या. कोपऱ्यात शारदाबाई उभ्या होत्या. त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकला होता.

त्या रात्री सुनीतीबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. आता मंडळात कळणार, सुहासला पुढे कुणी सून म्हणून घरात घेणार नाही, ही धास्ती दोघांनाही होती. सुनीतीबाईंना झोप येईना, आणि झोप येत नाही म्हणून जास्तच भीती वाटे.

रविवारी सकाळी शारदाबाई दारात उभ्या. चहाला हात न लावता त्या म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ श्रीधर. तो मुंबईला नोकरीला असतो असं आम्ही सांगतो. तो आमच्या गच्चीवरच्या खोलीत आहे, चौदा वर्षं. माझं त्या खोलीत जायचं धाडस होत नाही. तुम्ही याल का?”

सुनीतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ‘नाही’ म्हणावं असं सुनीतीबाईंना वाटत होतं. अनोळखी पुरुष, बंद खोली, आणि चौदा वर्षं. चारुदत्तांनी कोट घातला आणि म्हणाले, “चल. मी दाराशी उभा राहीन.”

श्रीधर दाढी वाढलेला, वाळलेला माणूस होता. त्यांच्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. सुनीतीबाई उंबऱ्यावरच बसल्या आणि त्याला पावसाबद्दल काहीबाही सांगत राहिल्या. पुढे डॉक्टर सेन त्याला तपासायला लागल्या. सुनीतीबाई दर रविवारी जात. शारदाबाई आधी जिन्यात थांबायच्या, मग उंबऱ्याशी, मग आत.

शेफाली दीड वर्षाने एका शिवणकेंद्रात कामाला लागली. सुनीतीबाई पुढे शाळांमधून, मंडळातून बोलायला जात. घरात कुणाची झोप उडाली तर लपवू नका, लवकर डॉक्टर गाठा, असं सांगत. बोलताना त्यांचा आवाज शेवटपर्यंत कापायचा. श्रीधर पूर्ण बरा कधीच झाला नाही. पण १९५५ च्या गणेशोत्सवात तो स्वच्छ दाढी करून मंडळात आला, बहिणीशेजारी बसला आणि आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहिला.