रिकामं भांडं परत द्यायचं नसतं

मी इंजिनिअर माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारा. त्यामुळे हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

पंच्याऐंशी सालचा जून. आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहायचो. बायकोला, सुलभाला, पाचवा महिना होता आणि बाळंतपणासाठी तिच्या आई सांगलीहून आल्या होत्या. पण महिन्याभरातच त्या कंटाळल्या. इथे दिवस दिवस कुणी दार वाजवत नाही, म्हणून परतीचं तिकीट अलीकडे घ्यायचा हट्ट धरून बसल्या. सुलभा रडकुंडीला आली. आईंचं मन रमावं म्हणून मी मोटरहोम भाड्याने घेतलं — आत ओटा, फ्रिज, पलंग, सगळं — आणि भर उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटात घातलं. ही अक्कल माझीच.

व्हायचं तेच झालं. एका एवढ्याशा गावाजवळ आधी फ्रिज बंद पडला, मग रेडिएटरचा पाइप फुटला. गाव म्हणजे एक गॅस स्टेशन, आपला पेट्रोल पंप, आणि लोक राहतात तसले चार-दोन जुने ट्रेलर. नवा पाइप यायला संध्याकाळ होईल, असं गॅस स्टेशनवाला म्हणाला. आम्ही दोघं घामाघूम होऊन एकमेकांवर वैतागत होतो, तेवढ्यात पाय मोकळे करायला गेलेल्या आई परत आल्या. हातात निळं एनॅमलचं भांडं. आत पीचच्या फोडी, बर्फासारख्या गार!

टोकाच्या गुलाबी ट्रेलरमधल्या आजीबाईंनी दिल्या म्हणे. भरपूर गप्पाही झाल्या. तिचे गुडघे, तिच्या सुनेचा स्वभाव, सगळं आईंना कळलं होतं. आईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून मी विचारलं, बोललात कुठल्या भाषेत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी एक फोड तोंडात टाकली.

फोडी संपल्या. आता रिकामं भांडं परत कसं द्यायचं? आईंनी त्यात प्रवासासाठी केलेले बेसनाचे लाडू भरले आणि मला पिटाळलं. गेलो, तर ट्रेलरला दारच नव्हतं. आत गुडघाभर वाळू. गॅस स्टेशनवाला म्हणाला, तिथे कित्येक वर्षांत कुणी राहत नाही. त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भांडं घेऊन तसाच धावत आलो आणि आईंना सांगितलं.

"बाहेर गेली असेल," त्या म्हणाल्या. "पायरीवर ठेवून या."

ठेवून आलो.

घरी पोचल्यावर मोटरहोम रिकामं करताना सुलभाने हाक मारली. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये तेच निळं भांडं... पीच... गार. मी फ्रिजचं दार लावून पुन्हा उघडून पाहिलं. आई मात्र चिडल्या.

"ऐकायची नाही ती. आता हे भांडं ठेवून मी जाऊ कशी? बाळंतपण होऊ दे, डिंकाचे लाडूच पाठवते."

तिकिटाचा विषय तिथेच संपला. सुलभा किती दिवसांनी हसली!

मुलगी झाली. थंडी सरल्यावर आई सांगलीला निघाल्या, तेव्हा भांड्यात डिंकाचे लाडू भरून त्यांनी ते आमच्याच दाराबाहेर ठेवलं. आम्ही त्यांना विमानात बसवून परत आलो तर भांडं नव्हतं. लाडू कायोटीने, इथल्या कोल्ह्याने, खाल्ले म्हणू... पण भांडं?

आता आई नाहीत. आम्ही मध्ये घरही बदललं. रीतीप्रमाणे पाळी आजीबाईंची आहे, आणि सुलभाला काळजी एकच — नवा पत्ता त्यांना कळणार कसा?

"आई आहेत ना तिकडे, त्या सांगतील," मी म्हणालो. मी, इंजिनिअर माणूस.