एरंडेल आणि चार किलोंचा डबा

ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीतील ओझ्याचे वजन, ती गाडी तराजूवर न चढवता, केवळ ओढीवरून सांगता येते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही मुडबीहून कलबुर्गीला गेलो. उत्तर असे आहे की येते; मात्र घरात माणसे नसावीत.

विषय नीट समजावा म्हणून आधी थोडे स्पष्टीकरण देतो. (मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. स्पष्टीकरण मागितलेले नसले तरी ते देण्याची सवय या व्यवसायात लागते.) शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धेत एक फेरी होती. प्रत्येक संघाने आपला रोबो आणि त्याच्या मागे जोडायची छोटी गाडी, म्हणजे ट्रेलर, घरून बनवून आणायचा. परीक्षक त्या ट्रेलरमध्ये एक बंद डबा ठेवणार. रोबोने तो प्लायवूडच्या पट्टीवरून ओढायचा आणि डब्याचे वजन पडद्यावर दाखवायचे. ओझे जितके जड तितकी ओढ जास्त, हे यामागचे साधे तत्त्व. माहीत असलेली वजने आधी घरी ओढून पाहायची, कोणत्या वजनाला किती ओढ लागते ते रोबोच्या स्मरणात भरायचे, आणि मग अनोळखी ओझे त्या मापाने ओळखायचे. यात अट एकच: घरी जशी गाडी होती तशीच ती स्पर्धेत असली पाहिजे. ही अट मी फळ्यावर लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

संघात दोघीच होत्या. माझी मुलगी शिवलीला आणि तिची मैत्रीण आफरीन. पहिला आलेला संघ बेंगळूरला जाणार होता, आणि शिवलीलाची बेंगळूरची स्वप्ने थेट विधानसौधाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलेली होती. पण तिचा खरा हेतू वेगळा होता. तो मला उशिरा समजला. (मला बहुतेक गोष्टी उशिरा समजतात, फक्त भौतिकशास्त्र वेळेवर समजले.)

श्रावणात आमची आई गेली. त्यानंतर अप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरच्या खाटेवर बसले ते बसलेच. रडले नाहीत, भांडले नाहीत. ताट समोर ठेवले तर जेवत, न ठेवले तर मागत नसत. विचारले तर "व्हय" किंवा "न्हाई", आणि त्यातही "न्हाई" म्हणण्याचे कष्ट ते टाळू लागले होते. बैल विकून कैक वर्षे झाली तरी उन्हाळा आला की जुन्या गाडीचे जू पुसणारे हे गृहस्थ. आता गोठ्याकडे मान वळवीत नव्हते. शिवलीला रोज संध्याकाळी ट्रेलर घेऊन मुद्दाम त्यांच्या खाटेशेजारी बसे. बाजारात प्लास्टिकची चाके मिळत असताना तिने सुताराकडून लाकडी चाके करून घेतली, त्यांत लोखंडी आस घातला आणि विचारले, "अप्पा, तुमच्या गाडीचं चाक आसंच हुतं का?"

अप्पांनी चाकाकडे पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

मी मात्र माझ्या कामात दंग होतो. गल्लीतल्या किराणा दुकानातून लोखंडी वजने आणली. स्पर्धेत असते तसेच प्लायवूड आणून ओसरीच्या शहाबादी फरशीवर अंथरले. त्यावर पाण्याची ताटली ठेवून ते समतल असल्याची खात्री केली. रोबो आणि ट्रेलर जोडणाऱ्या दोरीची उंचीही सुतळीने मोजली. इतक्या तयारीनंतर रोबो असा बरोबर वजन सांगू लागला की किराणा दुकानदाराने, "सर, एक आमाला बी द्या, गिऱ्हाईक विश्वास ठिवत न्हाई," अशी मागणी केली.

जायच्या आदल्या दिवसापासून घरातल्या लोकांच्या श्रद्धांपासून ट्रेलरचे रक्षण करणे हे माझे मुख्य कार्य झाले. आमच्याकडे कोणतीही गाडी गावाची शीव ओलांडणार असेल तर चाकाखाली लिंबू ठेवतात. पत्नी लिंबू घेऊन आली. मी म्हणालो की लिंबाच्या रसाने चाक चिकट होईल आणि घर्षण बदलेल.

"लेक गाडी घिऊन परगावाला जायलीय, आन तुम्ही घर्षण घर्षण करायलाव," ती म्हणाली. "लई झालं तुमचं. निदान समोर तरी ठिवू द्या."

शेवटी तडजोड झाली. लिंबू चाकापासून वीतभर अंतरावर ठेवले, गाडीने ते पाहिले असे सर्वांनी मानले, आणि मी ते उचलून वरणात पिळायला पाठवले. हळदीकुंकवाची बोटे मी पुसून काढली, कारण कुंकवालाही वजन असते! मग प्रश्न आला की ट्रेलर ठेवावा कुठे? पत्नीच्या हाताला लागेल तिथे नको, शेजारची पोरे येतात तिथे नको. घरात कुणीही कशालाही हात लावणार नाही अशी एकच जागा उरली होती: अप्पांच्या खाटेखाली. मी ट्रेलर टॉवेलात गुंडाळून तिथे ठेवला आणि पहाटे निर्धास्तपणे अंघोळीला गेलो.

बसमध्ये ते गाठोडे मी मांडीवर घेऊन बसलो. वाटेत एक ओळखीचा वास येत होता. पुढच्या बाकावरच्या बाईंच्या केसांना तेल फार झाले आहे, असे अनुमान मी काढले. (निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष चुकला.)

स्पर्धा सुरू झाली. आमच्या ट्रेलरमध्ये डबा ठेवला गेला. रोबोने तो डौलात ओढला आणि पडद्यावर आकडा आला: तीन किलोंना किंचित कमी. परीक्षक हा एक तरुण अभियंता होता. त्याने हसून आपल्या कागदावर काहीतरी लिहिले. दुसऱ्या संधीला तोच डबा अडीच किलोंचा झाला. तिसऱ्या संधीला दोन! चौथी संधी असती तर डबा वर तरंगला असता. परीक्षकाने डबा तराजूवर ठेवला, आणि तो चार किलोंचा निघाला.

मी उभा राहिलो. अत्यंत सभ्य कन्नडमध्ये मी परीक्षकांना त्यांचा तराजू तपासून घेण्याचा सल्ला दिला. त्यांनी दुसरा तराजू आणला. चार किलो. मी म्हणालो की एकाच कंपनीचे तराजू एकच चूक करू शकतात. तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी उपाहारगृहातून पितळी काट्याचा तराजू मागवला. त्यानेही चारच दाखवले, आणि वर काट्याला चिकटलेला भाताचा एक दाणा. सभागृहातील सर्व संघ कामे थांबवून आमच्याकडे पाहत होते. मग मी पट्टी समतल नसल्याची शंका काढली, आणि गुडघे टेकून एक डोळा मिटून पट्टीचा कडेने अभ्यास करू लागलो.

"सर," आफरीन हळूच म्हणाली, "उठो सर. पट्टी अच्छी है. अपनीच गाडी हलकी चलरी."

तिने ट्रेलर उलटा करून चाक बोटाने फिरवले. घरी दोन फेऱ्यांत थांबणारे चाक थांबायलाच तयार नव्हते. आसाजवळ तिने बोट लावले आणि नाकाशी नेले. "सर, तेल का बास आरा."

शिवलीलानेही बोट लावून वास घेतला. तिचा चेहरा बदलला. सगळे तिच्याकडे पाहत असताना ती बोट नाकापाशी तसेच धरून उभी राहिली. मी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"बाबा, हे आज्जीचं एरंडेल हाय."

आई एरंडीच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून घरीच तेल काढायची. शिवलीलाची वेणी त्या तेलावर वाढली, आणि अप्पांच्या बैलगाडीची चाकेही त्यावरच फिरली. तिच्या हातची शेवटची बाटली भिंतीतल्या देवळीत होती. ती कुणी वापरत नव्हते आणि कुणी फेकतही नव्हते. गाव सोडण्याआधी आसाला वंगण घालणे हे घरातल्या कर्त्या पुरुषाचे काम. माझ्या अंघोळीच्या वेळात, इतक्या महिन्यांनी खाटेवरून उठून, अप्पांनी ते केले होते.

परतीच्या बसमध्ये मी अप्पांना काय सांगायचे याची क्रमवार जुळणी केली. पहिला मुद्दा घर्षण, दुसरा नियंत्रित परिस्थितीचे महत्त्व, तिसरा बेंगळूर. शिवलीला खिडकीबाहेर पाहत होती. डोळे तिने दोनदा पुसले, डाव्या हाताने. उजवा तिने मिटून ठेवला होता.

घर दिसले तेव्हा अप्पा दारात उभे होते. त्यांना उभे पाहण्याची माझी सवय मोडली होती, त्यामुळे क्षणभर मला ते दुसरेच कुणी वाटले.

"कशी चालली गाडी?" त्यांनी विचारले. श्रावणानंतरचा त्यांचा हा पहिला प्रश्न होता.

मी घसा खाकरला. "अप्पा, त्याचं असं आहे, आसाला आणि चाकाला..."

"लई हलकी पळाली, अप्पा," शिवलीला मला बाजूला सारून म्हणाली. "येवढी हलकी तर कुणाचीच न्हाई पळाली. साहेबांनी तीन तीन तराजू आणून बघितलं."

विधान शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होते. मला त्यात दुरुस्ती सुचवता येईना.

"पळणारच की," अप्पा म्हणाले. "तुज्या आज्जीचं तेल हाय त्ये." मग आत पाहत, "सूनबाई, वाढ बग. भूक लागलीय."

पत्नीने भाकरी वाढली. ताटाकडे पाहता पाहता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि तिने चुलीच्या धुराला दोष दिला. (आमच्याकडे गॅस आहे.)

बेंगळूरला दुसराच एक संघ गेला. शिवलीलाने त्या संघाच्या मुलांसाठी मनापासून टाळ्या वाजवल्या, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. त्यानंतर अप्पांनी एरंडीच्या बिया मागवल्या आणि अंगणात तेल काढायला बसले. निम्मे जळाले, उरलेले कडवट झाले. "तिलाच जमायचं," इतकेच म्हणाले, आणि बराच वेळ पातेल्यात पाहत राहिले. पण त्यानंतर ते पुन्हा खाटेला खिळून बसले नाहीत. त्या जळक्या तेलाने त्यांनी शिवणयंत्राचे चाक, विहिरीचा रहाट, दारांच्या बिजागऱ्या, माझी स्कूटर आणि शेजाऱ्यांच्या बाळाची गाडी, सर्वांना वंगण घातले. बाळाची गाडी उतारावरून निसटू लागल्यापासून शेजारी तिला दोरीने बांधून ठेवतात. आईच्या बाटलीच्या तळाशी थोडे तेल शिल्लक आहे. ते शिवलीलाच्या पुढच्या गाडीसाठी आहे, आणि त्याला हात लावायचा नाही, असे मला बजावण्यात आले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वंगण आसात पसरत जाते तशी त्याच ओझ्याची ओढ उतरत उतरत निम्म्यावर येते, असे माझे अनुमान आहे. पण मी तीन निर्दोष तराजूंवर संशय घेतलेला माणूस आहे. तेव्हा वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. एखादी गाडी कोरड्या आसाने ओढावी, मग तेल घालून ओढावी, आणि फरक स्वतः तपासून पाहावा. मीच हा प्रयोग करून आकडे दिले असते, पण आमच्या घरात तेल न घातलेले एकही चाक आता उरलेले नाही!