भालेराव बाईंचा पेपर

कांताबाई भालेराव छत्तीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांची नात दोन वर्षांची होती. तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा. आता उरलेलं शिकवणं हिच्यासाठीच, असं कांताबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण घरात एक शिक्षिका असताना ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

मित्रा आठ वर्षांची झाली आणि शाळेची बस म्हटलं की तिचं पोट दुखायला लागलं. कात्रजहून तासभराचा प्रवास, रोज बसमध्ये उलटी. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही पोटात काही नाही म्हणून सांगितलं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीनंतर सून चैतालीनं तिचं नाव शाळेतून काढलं आणि वर्षभर घरीच शिकवून बघायचं ठरवलं. चैतालीचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच चाले आणि ते दुपारी सुरू होई, त्यामुळे सकाळ मोकळी होती. मुलगा सुगत थोडा कचरत होता, पण तयार झाला.

कांताबाईंना हे फार लागलं. त्यांचे वडील धोंडिबा गाव सोडून खडकीच्या कारखान्यात कामाला लागले, आणि खोली मिळायच्या आधी त्यांनी पोरीचं नाव शाळेत घातलं होतं. पहिले सहा महिने ते स्वतः फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि ती आत जाईपर्यंत उभे राहायचे. ज्या घरानं शाळा इतक्या कष्टानं मिळवली, त्या घरातली पोर घरी बसणार? त्यांनी सुगतला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, आई, शिक्षण थांबत नाहीये, बस थांबतेय.

घर दोन बेडरूमचं. एक सुगत-चैतालीची, एक कांताबाईंची, मित्रा आजीजवळ झोपायची. अभ्यासाला वेगळी खोली नाही. आता आपली खोली मागतील, असं धरून कांताबाईंनी नकाराचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. आठवडा गेला, पंधरवडा गेला, कुणी खोली मागितलीच नाही. ते वाक्य तसंच राहिलं आणि त्याचा राग वेगळाच आला.

चैतालीनं स्वयंपाकघरातली कांदेबटाट्यांची चाकांची ट्रॉली रिकामी केली, धुतली, आणि तिच्या तीन कप्प्यांत वह्या, रंग, पुस्तकं, कात्री, मापाचे पेले लावले. झाली शाळा. ट्रॉली जिथे जाईल तिथे वर्ग. नऊ ते साडेदहा जेवणाच्या टेबलावर, मग पोळ्या करताना ओट्यापाशी, मग गॅलरीत. वेळापत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, म्हणजे पाहुणे आले की दार लावलं की संपलं. वाचन टेबलाखाली, उशा टाकून. पाढे जिन्यात, एका पायरीला एक. साडेअकराला सगळं परत ट्रॉलीत जायचं आणि टेबल पुसून ताटं मांडली जायची.

कांताबाई आपल्या खोलीत पेपर उघडून बसत आणि दार बोटभर उघडं ठेवत. चैताली एखादी गोष्ट चुकीची सांगतेय का, याकडे त्यांचा कान असे. कधीकधी ती चुकायची. पण चुकली की मित्राला म्हणायची, थांब, मलाही नक्की माहीत नाही, आपण दोघी शोधू. मग दोघींची डोकी एका पुस्तकात. कांताबाईंना ते बघवत नसे. माहीत नाही म्हणणारी शिक्षिका, आणि तिच्यावर पोरीचा एवढा जीव! एकदा मित्रानं एक धडा अडखळत का होईना, पूर्ण वाचला आणि आईच्या गळ्यात पडली. कांताबाई उठल्या आणि त्यांनी कारण नसताना कुकरची शिट्टी घासायला घेतली.

त्या टोमणेही मारत. शेजारणीनं विचारलं, की मित्रा कुठल्या शाळेत जाते, तर म्हणत, "आमच्याकडे शाळाच चाकांवरून येते." चैताली हसून सोडून द्यायची. ती भांडली असती तर कांताबाईंना बरं वाटलं असतं.

खरं दुखणं जुनं होतं. सुगत लहान असताना कांताबाईंच्या वर्गात पन्नासेक मुलं असत. सकाळी सातला त्या घर सोडत. सुगत शेजारच्या सुंदराबाईंकडे असे. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, विड्या वळणाऱ्या बाई. एका संध्याकाळी कांताबाई घरी आल्या तर सुगतनं पाटीवर स्वतःचं नाव लिहून दाखवलं. सुंदराबाईंनी शिकवलं होतं. कांताबाईंनी शाबासकी दिली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. दीड-दोन हजार मुलांना त्यांनी अक्षर दिलं, पण स्वतःच्या मुलाचं पहिलं अक्षर दुसरीनं गिरवून घेतलं. आता सून आपल्या मुलीजवळ रोज सकाळी बसत होती, आणि तिला त्यात काही विशेष वाटतही नव्हतं.

मार्चमध्ये चैतालीला एका बुधवारी हिंजवडीच्या ऑफिसात जावं लागलं. निघताना तिनं कांताबाईंना सांगितलं, "आई, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. तिचं ती करते."

फक्त लक्ष ठेवा. चैतालीची स्कूटर गेटबाहेर पडेपर्यंत कांताबाई गॅलरीत उभ्या होत्या. मग त्यांनी कपाटातून जुनी पुस्तकं काढली, एका फुलस्केपवर आपल्या सुंदर अक्षरात वीस मार्कांचा गणिताचा पेपर काढला आणि मित्राला टेबलापाशी बसवून घड्याळ लावलं. पेपर चौथीचा होता. तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येनं भागायची उदाहरणं होती. मित्रा तिसरीच्या वयाची. हे कांताबाईंना पेपर काढताना पक्कं ठाऊक होतं.

मित्रानं पाऊण तास खाडाखोड केली. एकदा टेबलाखाली जाऊन बसू का, असं विचारलं. कांताबाई म्हणाल्या, परीक्षेत असं चालत नाही. वीसपैकी तीन मार्क पडले. ते त्यांनी लाल पेनानं वर लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी सुगत आला तेव्हा त्यांनी तो कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला. पेपर कितवीचा, ते सांगितलं नाही. सुगतनं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्या मनात शंका होतीच, आता त्या शंकेला कागद मिळाला. चैताली आली, दोघं आत गेले. दारामागून दबक्या आवाजातलं बोलणं तासभर चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सुगतनं जवळच्या एका शाळेचा प्रवेशाचा फॉर्म आणला. जूनपासून मित्रा तिथे जाणार असं ठरलं.

चैतालीनं आदळआपट केली नाही. कपाटाच्या दारावरचं वेळापत्रक काढलं, ट्रॉली रिकामी केली आणि तिच्यात पुन्हा कांदे-बटाटे भरले. आपण पोरीचं वर्ष वाया घालवलं, एवढंच ती सुगतला म्हणाली. कांताबाईंनी ते ऐकलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि दोन दिवस वाटलंही. त्यांनी मित्राला घेऊन टेबलापाशी बसायला सुरुवात केली. मित्रा बसायची, सांगितलं तेवढं लिहायची आणि काही विचारायची नाही.

शनिवारी दुपारी वही मिटता मिटता तिनं विचारलं, "आजी, ढ म्हणजे माझ्यासारखं असतं का?"

कांताबाईंनी विचारलं, कोण म्हणालं तुला असं? मित्रा म्हणाली, कुणीच नाही. तीन मार्क म्हणजे ढच ना.

छत्तीस वर्षांत कांताबाईंनी वर्गात हा शब्द उच्चारू दिला नव्हता. एका सहशिक्षिकेनं एका मुलाला तो लावला, म्हणून त्या मुख्याध्यापकांपर्यंत गेल्या होत्या. त्या शनिवारी रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर मित्रा खाली खेळायला गेली, तेव्हा त्यांनी सुगत आणि चैतालीला बसवून घेतलं.

"तो पेपर चौथीचा होता," त्या म्हणाल्या.

सुगत म्हणाला, "म्हणजे चुकून..."

"चुकून नाही. मला माहीत होतं."

चैतालीनं ताटल्या गोळा केल्या, सिंकमध्ये ठेवल्या, नळ सोडला आणि बंद केला. मग ओट्याला टेकून तिनं विचारलं, "का, आई?"

कांताबाईंनी खूप कारणं जमवून ठेवली होती. शाळेची शिस्त, चार मुलांत मिसळणं, धोंडिबांची फाटकापर्यंतची पायपीट. त्यातली सगळी खरी होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुझा हेवा वाटतो मला. मी सुगतजवळ अशी एक सकाळ बसले नाही."

सुगतनं मान वर केली. सुंदराबाई त्याला आठवत होत्या, पाटीही आठवत होती, पण आईनं ते इतकी वर्षं धरून ठेवलंय हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आईच्या हातावर हात ठेवला. चैताली जवळ आली नाही. ती म्हणाली, "तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर मी सोसलं असतं. तुम्ही तिला पेपरला बसवलंत." आणि मग, कोरडेपणानं, "मित्राला तुम्हीच सांगा. लाल पेनानं लिहिलेलं चूक होतं, हे तिला माझ्या तोंडून खोटं वाटेल."

कांताबाईंनी सांगितलं. सोसायटीच्या बाकावर बसून, सोप्या शब्दांत, की पेपर तुझ्या इयत्तेचा नव्हता, आजीनं तो मुद्दाम अवघड काढला आणि ते वाईट केलं. मित्रानं विचार केला आणि विचारलं, "मग तुला शिक्षा कोण करणार?" कांताबाई म्हणाल्या, ते आई ठरवेल.

चैतालीनं शिक्षा अशी केली नाही. फॉर्म भरला गेला नाही, कांदे पुन्हा टोपलीत गेले, टेबलावर सकाळचा वर्ग सुरू झाला. पण त्यानंतर ऑफिसचा बुधवार आला की ती मित्राला आंबेगावच्या एका मैत्रिणीकडे सोडायची. तिचीही मुलं घरीच शिकत होती. कांताबाईंशी ती नीट बोलायची, औषधं वेळेवर द्यायची, जेवायला वाढायची. फक्त आजीकडे बस, असं मित्राला म्हणायची नाही. असे तीन महिने गेले. कांताबाई त्या बुधवारी रिकाम्या घरात फरशी दोनदा पुसत. त्या मैत्रिणीचाही त्यांना हेवा वाटे. तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, तरी.

जुलैत एका सकाळी त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. चैताली हातात वही घेऊन उभी होती. इतकी वर्षं कीबोर्डवर काम करून तिचं अक्षर गेलं होतं, आणि मित्रा तिचं बघून तसंच वेडंवाकडं गिरवत होती.

"आई, मला ळ नीट येत नाही," ती म्हणाली. "मला दाखवाल का? तिला नंतर मी दाखवीन."

तिनं मित्राला पाठवलं नव्हतं, स्वतः आली होती. कांताबाईंना त्यातली खोच कळली. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि ळ काढून दाखवला, सावकाश, एकदा, दोनदा. चैतालीनं गिरवला. तिसऱ्यांदा तो चांगला आला. तेवढ्यात मित्रा मागून आली, आईच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन बिछान्याच्या काठावर टेकली आणि जीभ बाहेर काढून तिनंही एक ळ काढला. टपोरा, गोल आला.

वही उचलून तिनं ती आईपुढे धरली. "आई, बघ ना."

कांताबाईंना टोचलं. चांगलंच टोचलं, आणि ते लपवता येईल असं त्यांना वाटेना, म्हणून त्या खिडकीकडे बघत राहिल्या. पण या वेळी त्या उठून गेल्या नाहीत. चैतालीनं अक्षर बघितलं, मग सासूकडे बघितलं, आणि वही मित्राला परत न देता मधे, दोघींना दिसेल अशी ठेवली.

"खालची रेघ सुटतेय," कांताबाई म्हणाल्या. "ओळीवर बसव."