चैत्रांगणातले दोन मासे

ये गं, अशी जवळ बस. पत्रातच का होईना, पण कान इकडे दे. हैदराबादहून फोनवर काय म्हणालीस? इंजिनीअरिंगला हे कलेचे-बिलेचे विषय कशाला सक्तीचे करतात, डोक्याला ताप नुसता! अगदी आईवर गेलीस हो. तिनंही हेच म्हणून पाय आपटले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुझ्या आजोबांची बँकेची नोकरी, आम्ही लखनौच्या गोमती नगरात राहायचो. तुझी आई इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नोकरीचं पत्र हातात आलेलं, पण लोककलेचा तो एक सक्तीचा पेपर सुटल्याशिवाय डिग्री नव्हती. घरातली एखादी कला बघून त्यावर लिहायचं होतं. चैत्र होता, गौर झोपाळ्यात बसलेली, दारात मी रोज चैत्रांगण काढायची. आमच्या बाईसाहेबांनी तेच घेतलं. ग्राफ पेपरवर, कंपास लावून, कासव नि कमळ अगदी मापात बसवलं.

सरांनी वही परत दिली. म्हणाले, "यह तो मशीन का नक्शा है, बेटा. बनाने वाली कहाँ है इसमें?" शनिवारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर नापास.

घरी येऊन वही आपटली. "मम्मी, ये भी कोई सब्जेक्ट है?"

मी चष्मा लावून कागद बघितला. "अगं, माझे मासे कुठे गेले?"

"वो ग़लत थे ना. नानी कहाँ बनाती हैं मछली? मैंने ठीक कर दिया."

तिची नानी, म्हणजे माझी आई, मासे काढत नाही, म्हणून ठीक कर दिया म्हणे! मी तिला खाली बसवलं. म्हटलं, लखनौमधला माझा पहिला चैत्र. ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. शेजारच्या चाचींना हळदीकुंकवाला बोलावलं. आंब्याची डाळ खाता खाता त्यांनी रांगोळी न्याहाळली आणि म्हणाल्या, "सब कुछ है बहू, लखनऊ कहाँ है?" इथल्या जुन्या दरवाज्यांवर दोन-दोन मासे कोरलेले असतात ना, दुसऱ्या दिवशी तेच काढले गौरीच्या झोपाळ्याखाली. चाची बघून इतक्या हसल्या, की पन्हं सांडलं. तेव्हापासून दर चैत्रात मासे आहेतच.

तुझ्या आईनं वही पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, "तूने पहले क्यों नहीं बताया?"

"तू विचारलंस कधी? कंपास घेऊन आलीस नि मापं घेऊन गेलीस."

तिनं सगळं नव्यानं लिहिलं, तेव्हा शनिवारी सरांनी मलाही बोलावलं. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं तुझ्या आईच्या पुस्तकांतून. कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढत होते. पण रांगोळीचा डबा हातात होता. व्हरांड्यात बसले नि काढत गेले. सर उकिडवे बसून एकेक विचारत होते. माशांशी आल्यावर मी तोंड उघडणार, एवढ्यात तुझी आईच म्हणाली, "सर, ये हमारे घर के हैं." आणि चाचींपासून सगळं सांगितलं तिनं, पन्ह्यासकट. कागदाकडे एकदाही बघितलं नाही.

पास झाली. सरांनी वही मात्र ठेवून घेतली, आणि रांगोळी दोन दिवस पुसू दिली नाही म्हणे.

तर आता कुरकुर बंद. येत्या चैत्रात सुट्टी काढून ये. यंदा माशांच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवणार आहे मी. तुझ्या हैदराबादचं काय काढायचं, ते ठरवून ये. आणि उशीर करू नकोस, माझे गुडघे आता फार वेळ खाली बसू देत नाहीत.